शिवाशिवीचे धडे

शिवणापाणी हा खेळ कुणी शोधून काढला ते कुणालाच सांगता यायचे नाही. एकावर राज्य यायचे, त्याने धावत सुटायचे, ज्याला हात लागेल त्याच्यावर राज्य जायचे. असा खेळ जगाच्या पाठीवर सगळीकडेच मुले खेळतात. पण आपल्या मुलखात तो अंगणात रंगलेला असताना आत, ओसरीपलीकडे, थोरामोठ्यांचाही एक शिवाशिवीचा खेळ चालू असे. तिथेही हात लागला की काहीतरी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाई. मुले हे दोन्ही खेळ एकाच वयात शिकत. अंगणातले राज्य दिवेलागणीपर्यंत चारसहा जणांवर फिरून येई. आतल्या खेळातले राज्य काही माणसांवर जन्मतःच बसलेले असे आणि ते मरेपर्यंत उतरत नसे.

अस्पृश्यतेचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. १९२३ चा बोले ठराव, १९२७ चे महाड, १९५० च्या राज्यघटनेतले सतरावे कलम, १९५५ चा कायदा ही सनावळी आता शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. मला मात्र बरेच दिवस एक निराळाच प्रश्न छळतो आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या हातात ही गोष्ट शिरली कशी? त्याला कुणी मनुस्मृती वाचून दाखवलेली नव्हती. बहुतेक घरांत ती पोथी नव्हतीच. गुरुजींनी तो धडा फळ्यावर लिहून दिला नव्हता. तरी समोरून अमुक माणूस आला की किती हात दूर सरायचे, हे त्या मुलाला मुळाक्षरे येण्यापूर्वी येत असे. याचे कागद दफ्तरखान्यात मिळत नाहीत. ते आत्मचरित्रांत मिळतात, आणि त्या बाबतीत आपली भाषा चांगली श्रीमंत आहे.

पहिला धडा घरातच मिळे, आणि तो परक्या माणसाविषयी नसे. तो आईविषयी असे.

एके दिवशी सकाळी आई नेहमीच्या जागी नसायची. ती कोपऱ्यात, नाहीतर मागच्या पडवीत, एका घोंगडीवर बसलेली दिसायची. मूल धावत जायला निघाले की आजी ओरडायची, ‘शिवू नकोस रे, तिला कावळा शिवलाय!’ माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी हे वाक्य ऐकलेले आहे. मी स्वतः आमच्या परसातल्या कावळ्यावर कित्येक दिवस दात ठेवून होतो. चार दिवसांनी आई न्हाऊन पुन्हा चुलीपाशी येई आणि जगाची घडी नीट बसे. पण तेवढ्यात मुलाला तीन गोष्टी कळून चुकलेल्या असत. माणसाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे काहीतरी असू शकते. ते हात लावल्याने आपल्यात येते. आणि असे का, हे विचारायचे नसते, कारण विचारले तर कावळ्याची गोष्ट सांगतात.

आईची अस्पृश्यता चार दिवसांची, सुतकाची दहा दिवसांची. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात हा भेद फार नेमका मांडला आहे. जन्म, मृत्यू, विटाळ यांपायी येणारी तात्पुरती अशुद्धी जगातल्या पुष्कळ समाजांत आढळते. अख्ख्या जमातींना पिढ्यान्पिढ्या चिकटलेली, कशानेही न फिटणारी अशुद्धी हे मात्र आपले वेगळेपण, असा त्यांचा मुद्दा होता. विद्वानांना हा भेद कळतो. मुलाला तो कसा कळावा? त्याच्या कानावर दोन्हीकडे एकच शब्द पडे, विटाळ. ज्या आईवर त्याचा सगळा जीव, तिलाही शिवायचे नसते हे एकदा अंगवळणी पडले, की वेशीबाहेरच्या माणसाला शिवायचे नसते हे पटवायला वेगळी मेहनत लागत नसे.

या शास्त्रात गमतीची कलमेही होती. नागव्या मुलाला विटाळ नसे. विटाळ वाहून नेते ते सुती वस्त्र. रेशीम आणि लोकर त्यातून सुटलेली. त्यामुळे सोवळ्यातल्या आजीच्या मांडीवर जाऊन बसायचे असेल तर अंगातले झबले काढून टाकले की काम भागे. दोनअडीच वर्षांचे पोर घरभर हिंडून सगळ्यांना शिवून यावे आणि कुणाचे काही बिघडू नये, अशी ही सवलत. मग एक दिवस त्याला कायमची चड्डी चढे आणि सवलत संपे. ब्राह्मण मुलाच्या बाबतीत पुढची पायरी मुंजीची. मुंजीच्या दिवशी मातृभोजन असते. बटू आईच्या पानात शेवटचे जेवतो. त्यानंतर त्याचे पान निराळे, पंगत निराळी. हा विधी अजूनही होतो, त्याचे फोटो निघतात, आणि आईच्या डोळ्यांत पाणी येते. ते का येते याचा विचार फारसा कुणी करत नाही.

हे धडे देणारी मुख्य गुरू कोण असे, तेही पाहण्यासारखे आहे. पुष्कळ घरांत ती घरची विधवा आत्या नाहीतर आजी असे. केस उतरलेले, अंगावर लाल अलवण, दिवसातून एकदा जेवण. सोवळ्याचा स्वयंपाक तिच्याकडे, त्यामुळे शिवाशिवीचा पहाराही तिच्याकडेच. आणि हीच बाई कुणी बाहेर निघताना आडवी आली तर अपशकुन! मूल हे दोन्ही पाहत असे. तिच्या हातचा भात देवाला चालतो, पण तिचे तोंड प्रवासाला निघणाऱ्याला चालत नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. बहिष्कार घालणाऱ्यांत क्रूर माणसे किती होती कोण जाणे. माझी समजूत अशी, की बहुतेकांना लहानपणी शिकलेला धडा चुकल्यासारखे वाटले असावे, आणि त्याहून जास्त काही नाही.

सोवळ्याचे टोक पाहायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढावीत. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या एका आप्ताला फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यायचा नाही. मग ते मीठ का असेना. लक्ष्मीबाई हे इतक्या खेळकरपणे सांगतात, की वाचताना हसू आवरत नाही. पण जरा थांबून त्या घरातल्या पोरांच्या जागी आपण बसून पाहावे. बाहेरचे सगळे जग मळलेले आहे, आपल्या उंबऱ्याच्या आत काय ते स्वच्छ, हे त्या मुलांना कुणी शब्दांनी सांगितले नसेल. ओले मीठ पाहून त्यांना ते कळत होते.

घराबाहेर पडले की दुसरी शाळा सुरू होई, ती भाषेची. गावात महार म्हातारा वेसकर रात्रभर वेशीवर जागायचा. सकाळी तो पाटलाच्या वाड्यासमोर येऊन लांबूनच ‘जोहार मायबाप’ म्हणायचा. पाटलाचे सहा वर्षांचे पोर त्याला ‘अरे’ म्हणायचे आणि तो सत्तर वर्षांचा माणूस त्या पोराला ‘धनी’ म्हणायचा. आपल्या भाषेत मोठ्यांना अहोजाहो करावे असा दंडक आहे. त्या पोराने काकाला अरेतुरे केले असते तर थोबाडीत बसली असती. इथे मात्र कुणी काही बोलत नसे, आणि ती गप्प राहण्याची रीतच त्याला सारे शिकवीत असे. वय, विद्या, पांढरे केस यांना मान द्यायचा खरा, पण अमुक माणसांच्या बाबतीत तो हिशेब लागू नाही, हे व्याकरणातूनच मनात उतरे. ‘जोहार’ जाऊन ‘जय भीम’ आला, तेव्हा गावोगावच्या वडीलधाऱ्यांना त्याचा राग का आला, हे यावरून समजते. नुसता नमस्कार बदलला नव्हता. लहानपणी शिकलेले एक व्याकरण मोडले होते.

आता या चित्राची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आपल्या आज्यापणज्यांवर अन्याय होईल.

दिवेलागणीला याच घरांत नाथांची गोष्ट सांगितली जाई. गोदावरीचे वाळवंट, दुपारचे ऊन, आईच्या मागे राहिलेले महाराचे मूल तापलेल्या वाळूत रडते आहे, आणि स्नानाला निघालेले एकनाथ महाराज त्याला उचलून कडेवर घेतात, नाक पुसतात आणि महारवाड्यात त्याच्या आईकडे पोहोचवतात. अठराव्या शतकात महिपतींनी संतचरित्रे लिहिली, कीर्तनकारांनी ती गावोगाव नेली, आणि ही गोष्ट घराघरांत पोहोचली. १९३५ साली प्रभातने नाथांवर चित्रपट काढला. त्याचे नाव आधी ‘महात्मा’ होते. सरकारी चाळणीत ते अडकले आणि ‘धर्मात्मा’ या नावाने चित्रपट झळकला. बालगंधर्व त्यात नाथ झाले होते. पण त्याच्या किती आधीपासून ही गोष्ट मुलांच्या डोळ्यांपुढे उभी होती! आजी ती सांगताना गहिवरायची, मुलेही रडायची. मग पाने मांडली जात, आणि दिवसा वाढायला-मोडायला आलेल्या कुणाच्या सावलीवरून पुन्हा बोलणे निघे.

यावर दांभिकपणाचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. आजी खोटे रडत नव्हती. नाथ संत होते, त्यांना ते शोभले. आपण संसारी माणसे, आपल्याला रीत पाळली पाहिजे, असे तिला मनापासून वाटे. मुलाच्या मनात या दोन गोष्टी दोन निरनिराळ्या कप्प्यांत जाऊन बसत. गोष्ट कानाने शिकायची आणि रीत हाताने. आणि कानाने शिकलेले विसरते, हाताने शिकलेले विसरत नाही. पोहणे विसरत नाही तसे.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त या दोन कप्प्यांमधली भिंत पातळ झालेली दिसते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलेले हे पुस्तक. पुढे १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, हे सर्वांना माहीत आहे. त्यात एक प्रसंग आहे. महार समाजातली एक म्हातारी लाकडांच्या मोळीसह पडते. मोळी पुन्हा डोक्यावर चढवायला तिला कुणी हात देत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि घरी येऊन आंघोळ कर. हल्ली हे दुसरे वाक्य वाचून पुष्कळांना खटकते. आंघोळ कशाला? माझे म्हणणे असे, की या प्रसंगाचा सगळा ऐतिहासिक ऐवज त्या आंघोळीतच आहे. कोकणातल्या पालगडसारख्या खेड्यात, विसाव्या शतकाच्या आरंभी, एका गरीब ब्राह्मण बाईला जेवढे पुढे जाता येत होते तेवढी ती गेली. तिने रीत मोडली नाही. रीतीच्या आधी दुसरे काहीतरी करायला लावले. मुलाच्या हाताला त्या दिवशी दोन आठवणी चिकटल्या, मोळीच्या वजनाची आणि थंड पाण्याची. त्यातली कुठली टिकली ते आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याच मुलाने पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. पण तशाच आंघोळी करून मोठी झालेली इतर हजारो मुले उपोषणाला बसली नाहीत, हेही खरे.

इथवर मी एकाच अंगाने बोललो. दूर सरणाऱ्या मुलाप्रमाणे ज्याच्यापासून दूर सरायचे ते मूलही काहीतरी शिकतच होते.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांच्या आतबाहेरची असेल. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, हा तिने विचारलेला प्रश्न आता प्रसिद्ध आहे. आपल्या जातीच्या बायका डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होतात, हेही ती लिहिते. पण माझे लक्ष वेधले ते तिने मुलांविषयी लिहिलेल्या मजकुराने. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून मांगमहारांच्या मुलांना जखमी केले तरी ती तक्रार करत नाहीत, असे ती सांगते. कारण उरलेसुरले अन्न मागायला त्याच घरी जायचे असते. १८५५ साली पुण्याच्या रस्त्यावर दगड कोण मारत होते, तर मुले. त्यांना दगड मारायला कुणी पाठवले असेल असे मला वाटत नाही. आणि जखमेवर हात दाबून गप्प घरी जाणारी मुलेही गप्प राहायला घरीच शिकली होती. त्यांच्या आईला ती भाकरी पाहिजे होती.

त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १९०१ साली, साताऱ्याहून काही मुले आगगाडीने निघाली. वडील गोरेगावला नोकरीवर. सुट्टीत त्यांच्याकडे जायचे. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनावर उतरली, पण न्यायला कुणी आलेले नाही. पत्र वेळेवर पोहोचले नव्हते. स्टेशनमास्तर आले, विचारपूस केली. मुलांचा थाट पाहून ती ब्राह्मणांचीच असावीत असे त्यांना वाटले. तुम्ही कोण, असे विचारताच नऊदहा वर्षांच्या भीमाने मागचापुढचा विचार न करता सांगून टाकले, आम्ही महार. मास्तरांचा चेहरा क्षणात पालटला आणि ते आपल्या खोलीकडे निघून गेले. पुढची हकीगत पुष्कळांना माहीत असेल. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे या बोलीवर. बरोबर खायला भरपूर होते. पाणी मात्र रात्रभर कुणी दिले नाही. जकातनाक्यावर पाणी मागताना आपण मुसलमान आहो असे सांगा, असा सल्ला मिळाला. पोराने तसे सांगूनही पाहिले. उपयोग झाला नाही.

बाबासाहेबांनी पुढे इंग्रजीत लिहून ठेवलेल्या आणि १९९० साली पुस्तकरूपाने निघालेल्या आठवणींत हे सारे आहे. त्यातली एक गोष्ट मला पाण्याच्या हकिगतीइतकीच महत्त्वाची वाटते. आपण अस्पृश्य आहो हे त्यांना या प्रवासापूर्वी माहीत नव्हते असे नाही. शाळेत ते वेगळ्या गोणपाटावर बसत, आणि ते गोणपाट रोज घरून न्यावे लागे. शिपाई हजर नसेल तर त्या दिवशी पाणी नाही. न्हावी केस कापत नसे, ते काम बहीण करी. हे सगळे रोज घडत होते, आणि रोज घडत होते म्हणूनच त्या मुलाला त्यात विशेष काही वाटत नव्हते. ऊन लागते, पाऊस पडतो, तसेच हे. मसूरला प्रथम धक्का बसला, कारण तिथे एका माणसाचा चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत बदलला. एका शब्दाने बदलला, आणि तो शब्द त्याने स्वतः, अगदी भोळेपणाने, उच्चारला होता.

ज्यांनी स्वतःला असे ‘पाऊस पडतो तसे’ म्हणून स्वीकारले आणि ज्यांच्या वाट्याला मसूर आलेच नाही, अशी किती मुले झाली असतील! त्यांची आत्मचरित्रे नाहीत. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) बांबूच्या टोपल्या, सुपे विणणारी आई आहे. त्या टोपल्या घेऊन मुलगी उंबऱ्यापर्यंत जाते. घरची बाई टोपलीवर पाणी शिंपडते, मग आत घेते, आणि वरून हातावर पैसे टाकते. आईचे ते विणकाम त्या मुलीने रोज पाहिलेले असते. पाण्याचे ते चार थेंब तिला आईविषयी काय सांगत असतील, हा विचार पाणी शिंपडणाऱ्या बाईच्या मनात आला नसणार. तिच्याही मांडीपाशी एखादे मूल उभे असेलच.

शाळेने या कामी काय केले, ते थोडक्यात सांगतो, कारण त्याची कथा फारशी गौरवाची नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. एकासाठी अनेकांना दुखवता येणार नाही, असे म्हणून मुंबई सरकारने तो नाकारला. पुढे विलायतेहून तत्त्व आले की सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या. तत्त्व आले आणि मुले आली ती व्हरांड्यात बसली. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ च्या सप्टेंबरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करण्याचा आणि सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. राजाला एक गोष्ट बरोबर कळली होती. वेगळी शाळा कितीही चांगली चालवली, तरी ती वेगळी असणे हाच तिथला पहिला धडा असतो. याच महाराजांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढायला लावले, आणि स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेतला. बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यावा लागला. व्याख्यानापेक्षा ही युक्ती बरी, कारण ती हातालाच शिकवते.

चहावरून पाव आठवला. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. तिचा सभासद होताना ख्रिस्त्याने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. सभा गुप्त होती. १८६० साली तिची कागदपत्रे चोरीला गेली, आपली नावे बाहेर येणार या भीतीने सभासदांची पळापळ झाली आणि सभा मोडली. पावाच्या एका तुकड्यासाठी केवढी धास्ती! आज शेंडी राखलेला बटूसुद्धा मुंजीच्या दुसऱ्या दिवशी नाक्यावर वडापाव खातो आणि त्याच्या पणजोबांच्या पिढीने या पावाला काय मानले होते याची त्याला गंधवार्ता नसते. शिकलेले विसरते ते असेही. कुणी उपदेश केला नाही, प्रायश्चित्त घेतले नाही. भूक लागली, पाव स्वस्त होता, आणि विटाळ निघून गेला.

पण सगळेच असे फुकट विसरत नाही. लक्ष्मीबाईंकडे पुन्हा येतो. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली. मधली वर्षे त्यांनी आधी दूर राहून आणि मग जवळ पण निराळी चूल मांडून काढली. नवऱ्यावर प्रेम होते, त्याचे म्हणणे डोक्याला पटतही होते. हात तयार होत नव्हता. पुढे त्यांनी ते सोवळे पायरीपायरीने सोडले. अमक्याच्या हातचे चालेल, मग तमक्याच्या हातचे चालेल, असे करत. जगातल्या जाती माणसांनी केल्या हे त्यांना एका क्षणात उमगले असेल, पण पाण्याच्या घोटापर्यंत ते पोहोचायला वेळ लागला. इतका प्रामाणिक जमाखर्च मांडणारे दुसरे पुस्तक मी वाचलेले नाही. मोठमोठ्या सुधारकांनी आपण एका रात्रीत सुधारल्याचे लिहिले आहे. ही बाई आपला हात कसकसा मागे आला ते लिहिते.

आणि महाड. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर गावातल्या कर्मठांनी एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून तळे शुद्ध केले. न्यायालयाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडले, आणि तो अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्या घागरी ओतल्या जात असताना काठावर महाडची पोरे नक्की उभी असणार. गावात एवढा समारंभ चालू असताना पोरे घरात थांबत नाहीत. गुरेढोरे ज्या तळ्यावर रोज पाणी पितात, ते आज का धुवायचे, हे त्यांनी कुणाला तरी विचारले असेल. काय उत्तर मिळाले असेल?

मुलांना मिळणारी उत्तरे ऐकण्याची एक चांगली जागा पंढरपुरात आहे. महाद्वारात नामदेवाची पायरी, आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला वेठीच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि चोखामेळा तिच्याखाली गेले, साल १३३८. त्यांच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, त्यावरून नामदेवांनी त्या ओळखल्या आणि इथे आणल्या, असे परंपरा सांगते. १९४७ पर्यंत चोखोबांच्या जातीच्या वारकऱ्यांची वारी या समाधीपाशी संपत असे. मी कार्तिकीला तिथे बराच वेळ उभा राहिलो आहे. समाधीचे दर्शन घेऊन पुढे जाणारी कुटुंबे पाहत राहावीत. दहा मुलांत एखादे तरी विचारतेच, हे देवळाच्या बाहेर का? एका गृहस्थांनी सांगितले, आत जागा नव्हती. एक आजोबा म्हणाले, देवाच्या दारात जागा मिळाली, केवढे भाग्य. एका बाईने मात्र खाली वाकून आपल्या लेकीला सांगितले, ‘त्यांना आत येऊ देत नव्हते.’

‘कोण येऊ देत नव्हतं?’ मुलीने विचारले.

‘आपणच,’ ती म्हणाली, आणि मुलीचा हात धरून पुढे गेली.